पाच वर्षं एका शिवारात

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेकडून मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला होता. पीएच.डी. करणाऱ्या किती विद्यार्थ्यांना पैसे द्यायचे, असा मुद्दा होता. त्यावर बोलताना तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी, ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभरातले संशोधक विद्यार्थी संतापले. संताप रास्तच होता. ज्यांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्याबद्दल असं बोलणं लागणारच. पण त्या गदारोळात प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं. सरकारी पैशातून कुणी चार-पाच वर्षं अभ्यास करत असेल, तर त्यातून समाजाला काय मिळतं, हे विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे. शेतमजुरालाही आहे. मी इथे एकाच विद्याशाखेपुरतं उत्तर देणार आहे. पाणी, माती, जंगल, कुरणं यांच्या अभ्यासाला आता ‘नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन’ म्हणतात, आणि त्यात डॉक्टरेट करू पाहणारी मुलं महाराष्ट्रात बरीच आहेत.

माझं म्हणणं असं, की या विषयात पीएच.डी.इतकं मोलाचं दुसरं काही नाही, कारण एकाच जागी पाच वर्षं टिकून राहण्याची मुभा देणारी दुसरी कुठलीही व्यवस्था आपल्याकडे उरलेली नाही. आणि तीच पाच वर्षं आपली विद्यापीठं वाया घालवतात.

आधी मुभेबद्दल. सरकारी योजनेचं वर्ष ३१ मार्चला संपतं. निधी खर्ची पडला पाहिजे, कामाचे फोटो चढवले पाहिजेत, मग पुढचं उद्दिष्ट. स्वयंसेवी संस्थेचा प्रकल्प साधारण तीन वर्षांचा असतो, आणि त्यातलं पहिलं वर्ष गावाची ओळख होण्यात जातं. तलाठी आणि कृषी सहायक यांची बदली ठरलेली. सरपंचाला पाच वर्षं मिळतात, पण त्याला निवडणूक सांभाळायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, शिवाय पुनर्नोंदणीची आणखी दोन. एका माणसाला पगाराच्या बरोबरीचं नसलं तरी पोटापुरतं विद्यावेतन देऊन, एकाच प्रश्नाच्या मागे सलग इतकी वर्षं लागण्याची परवानगी देणारी ही एकमेव रचना आहे.

इतकी वर्षं लागतातच का? महाराष्ट्राच्या जमिनीकडे बघितलं की कळतं. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या पाषाणावर उभा आहे. गंगेच्या खोऱ्यात गाळाचे शेकडो फूट थर पाणी धरून ठेवतात, तशी सोय इथे नाही. इथलं पाणी मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या सच्छिद्र थरांत जेमतेम मावतं. पावसाळ्यात ते भरतं आणि उपसा जोरात असेल तर फाल्गुनापर्यंत संपतं. म्हणजे भूजल हा इथे दरसाल भरून दरसाल रिता होणारा साठा आहे. ज्या वर्षी पाऊस बरा झाला त्या वर्षी विहिरी भरल्या, तर त्याचं श्रेय पावसाला द्यायचं की बंधाऱ्याला, हे एका वर्षाच्या मोजणीतून कुणीही सांगू शकत नाही. त्याला एक चांगलं वर्ष लागतं, एक वाईट वर्ष लागतं, दोन मधली लागतात. शिवाय बंधारा झाल्यावर शेतकऱ्यांनी कांद्याऐवजी ऊस लावला का, हेही त्या वर्षांत टिपावं लागतं, कारण मुरलेलं पाणी कुठे गेलं हे पिकाकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

‘जलयुक्त शिवार’चं काय झालं ते आठवा. डिसेंबर २०१४ मध्ये ही योजना आली. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं उद्दिष्ट होतं. गावोगाव नाले खोल झाले, लोकांनी श्रमदान केलं, वर्गण्या काढल्या. २०२० मध्ये महालेखापालांचा अहवाल विधिमंडळात आला. ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात आणि गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात योजनेला फारसं यश आलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मग एका बाजूने योजनेचं कौतुक आणि दुसऱ्या बाजूने भ्रष्टाचाराचे आरोप, अशी रीतसर राजकीय लढाई झाली, आणि २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पाही सुरू झाला. या सगळ्यात जे हवं होतं ते कुणाच्याच हातात नव्हतं: एखाद्या पाणलोटातल्या सगळ्या विहिरींची, महिन्यागणिक, सलग पाच वर्षांची नोंद, आणि सोबत पीकपाण्याची, उपशाची, विजेच्या तासांची नोंद. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मूळ जाळ्यात राज्यभर सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि त्या वर्षातून चारदा मोजल्या जातात. राज्याचा अंदाज बांधायला ते पुरतं. पण एका ओढ्याच्या वरच्या अंगाला बंधारा घातल्याने खालच्या वस्तीची विहीर कोरडी पडली का, हे त्यातून कळणार नाही. प्रत्येक दुष्काळी तालुक्यात एक संशोधक विद्यार्थी एका पाणलोटाला चिकटून बसला असता, तर नऊ हजार कोटींवरचा वाद असा हवेत झाला नसता. त्या रकमेच्या तुलनेत अशा विद्यार्थ्यांचं विद्यावेतन किती झालं असतं, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये आहे.

एका पीएच.डी.तून काय निघू शकतं, याचा या विषयातला सर्वांत मोठा दाखला अमेरिकेतला आहे. एलिनॉर ऑस्ट्रम यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची होती. गणिताची पार्श्वभूमी कच्ची म्हणून त्यांना तिथे वाव मिळाला नाही, तेव्हा त्या राज्यशास्त्राकडे वळल्या. १९६५ मध्ये पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध शहरालगतच्या ‘वेस्ट बेसिन’ या भूजलसाठ्यावर होता. किनाऱ्याजवळच्या या साठ्यातून नगरपालिका, पाणीकंपन्या आणि कारखाने वाटेल तितकं पाणी उपसत होते, आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं होतं. प्रत्येकाला ठाऊक होतं की उपसा कमी केला पाहिजे, पण आपण कमी केला आणि शेजाऱ्याने केला नाही तर काय, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती. ऑस्ट्रम यांनी या मंडळींच्या संघटनेचं कामकाज बारकाईने पाहिलं. बैठकांना बसल्या, कागदपत्रं वाचली, कोर्टातल्या तडजोडी तपासल्या. हे लोक आपसांत बोलून, मोजमाप करून, एकमेकांवर लक्ष ठेवून उपशाची मर्यादा ठरवू शकतात आणि पाळूही शकतात, हे त्यांना तिथे दिसलं. समाईक गोष्ट लोकांच्या हाती राहिली की तिचा नाश ठरलेला, म्हणून ती सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खाजगी मालकाला द्यावी, असं त्या काळचे पंडित मांडत होते. ऑस्ट्रम यांनी पुढे स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेन आणि फिलिपाइन्समधलं सिंचन, जपानमधली गावरानं यांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं की तिसरा मार्ग शतकानुशतकं चालू आहे. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. या साऱ्याचं बी एका साठ्याच्या, एका तालुक्याएवढ्या मुलखाच्या अभ्यासात होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण माधव गाडगीळ यांचं. गणिती परिसरशास्त्रात हार्वर्डची पीएच.डी. घेऊन ते १९७१ मध्ये परतले आणि पुण्याला वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घालू लागले. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना कर्नाटक सरकारने त्यांच्यावर बांबूच्या अभ्यासाचं काम सोपवलं, कारण बुरूड लोकांची तक्रार होती की कागद गिरण्यांमुळे बांबू संपत चालला आहे. उत्तर कन्नडच्या जंगलात बांबूच्या बेटांभोवती काटेरी फांद्यांची जाळी असते. तोड सोपी व्हावी आणि कोंबांची वाढ चांगली व्हावी, म्हणून ती जाळी साफ करण्याची पद्धत होती. गावकरी म्हणत, हे चुकतंय, काटे काढले की गुरं आणि रानातली जनावरं कोंब खाऊन टाकतात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगामामागून हंगाम बेटं मोजली आणि गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. जंगलात बांबू किती आहे याचे सरकारी आकडेही प्रत्यक्षाच्या कित्येक पट फुगलेले असल्याचं त्याच मोजणीत उघड झालं. गावकऱ्यांना जे ठाऊक होतं ते मोजून, तपासून सिद्ध करणं हे शास्त्रज्ञाचं काम इथे झालं. गावकऱ्यांच्या शब्दाला सरकारदरबारी वजन नव्हतं, मोजमापाला होतं. मोजमाप करणारा मात्र आधी ऐकणारा असावा लागतो.

आता आपल्या विद्यापीठांकडे वळू. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठं, नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था, बारामतीजवळची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र, आयआयटी मुंबईचं ‘सितारा’. इतक्या ठिकाणी या विषयाला धरून संशोधन चालतं. चांगले प्रबंध होतात. पण प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहात जाऊन ग्रामीण पाणी, पाणलोट किंवा वनाधिकार यांवरचे प्रबंध एकामागून एक उघडत गेलं, की एक साचा पुन्हा पुन्हा समोर येतो. एक जिल्हा, त्यातले दोन-तीन तालुके, प्रत्येकातली काही गावं, शंभर-सव्वाशे लाभार्थी. वय, शिक्षण, धारणक्षेत्र यांच्या टक्केवाऱ्या. योजनेबद्दल समाधानी किती, अंशतः समाधानी किती. अडचणींची यादी. शेवटी शिफारशी: प्रशिक्षण द्यावं, जनजागृती करावी, अनुदान वेळेवर मिळावं. गावात प्रत्यक्ष घालवलेला काळ काही आठवड्यांचा. उरलेली वर्षं कोर्सवर्क, सिनॉप्सिस, संशोधन समितीच्या तारखा, गाइडची सही, टायपिंग आणि बाइंडिंग यांत जातात. हातात पाच वर्षं असताना उपयोगात आले दोन महिने.

असं होण्याला विद्यार्थी एकटे जबाबदार नाहीत. पीएच.डी. हा नोकरीचा आणि बढतीचा दाखला झाला, तेव्हापासून ती लवकर उरकणं शहाणपणाचं ठरलं. विद्यापीठांत सहायक प्राध्यापक व्हायला ती सक्तीची करण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, अंमल लांबत गेला, आणि २०२३ मध्ये नेट-सेट पुरेशी मानून सक्ती मागे घेण्यात आली. या धरसोडीत हजारो मुलांनी केवळ भीतीपोटी नोंदण्या केल्या. ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’च्या अधिछात्रवृत्त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून मुलांना पुण्यात उपोषणाला बसावं लागलं. ज्याला पुढच्या महिन्याच्या खोलीभाड्याची शाश्वती नाही, तो जत किंवा आटपाडीच्या वस्तीवर सहा-सहा महिने मुक्काम कसा करणार? तो एका खेपेत सव्वाशे फॉर्म भरून आणणार. मुलींची अडचण आणखी वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोग त्यांना २४० दिवसांची प्रसूती रजा आणि दोन वर्षांची जादा मुदत देतो, हे चांगलंच आहे. पण परक्या गावात एकटीने राहण्याची, संध्याकाळनंतर शिवारातून परत येण्याची, घरच्यांना समजावण्याची व्यवस्था कुठलंच विद्यापीठ करत नाही. आणि पाणी भरणाऱ्या, तेंदू-मोह वेचणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या बायकांशी मोकळेपणाने बोलू शकेल अशी संशोधक बहुधा बाईच असते. त्या अर्ध्या ज्ञानाची वाट आपण आपल्याच हाताने बंद करून ठेवली आहे.

दुसरं कारण विभागणीत आहे. माती मृदाशास्त्राकडे, पाणी अभियांत्रिकीकडे, झाडं वनशास्त्राकडे, माणसं विस्तार शिक्षणाकडे, पैसा कृषी अर्थशास्त्राकडे. शेततळ्याचा प्रश्न घ्या. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. कल्पना अशी, की वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवावं आणि पिकाला एक-दोन संरक्षक पाळ्या द्याव्यात. प्रत्यक्षात द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यांत प्लास्टिकचं अस्तर घातलेली मोठी तळी झाली आणि पावसाळ्यातच विहिरी-बोअरचं पाणी उपसून ती भरली जाऊ लागली. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी असं वर येऊन एकाच्या मालकीचं होतं, आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं. अभियंत्याने तळ्याची क्षमता आणि गळती मोजली तर तळं उत्तम ठरेल. अर्थशास्त्रज्ञाने तळं असलेल्या शेतकऱ्याचं उत्पन्न मोजलं तरीही उत्तमच. ज्याच्याकडे तळं नाही त्याच्या विहिरीचं काय झालं, हे विचारायला दोन्ही शाखांच्या बाहेर पाऊल टाकावं लागतं. आयआयटी मुंबईत पूजा प्रसाद यांनी मिलिंद सोहोनी आणि ओम दामानी यांच्यासोबत हे काम केलं. एका मर्यादेपर्यंत शेततळ्यांचा फायदा होतो आणि ती ओलांडली की प्रत्येक नव्या तळ्यामागे सगळ्यांचीच जोखीम वाढते, असं त्यातून पुढे आलं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी’ प्रकल्पात गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडायला आयआयटीच्या याच गटाने पद्धत बसवून दिली. हजारो गावांच्या आराखड्यांत ती वापरली गेली. दिवे लावणं म्हणतात ते हे.

भाषेचा मुद्दा मला इथे सविस्तर मांडायचा आहे, कारण तो सहसा भावनेच्या भरात मांडला जातो आणि म्हणून कुणी मनावर घेत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या माळांचंच उदाहरण घ्या: ते मुळात जंगल होते आणि माणसाने तोडून, चारून त्यांचे माळ केले, असं दीर्घकाळ गृहीत धरलं गेलं. त्या गृहीतकावर धोरणं उभी राहिली. १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडं, मग चार कोटी, तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी असं वृक्षलागवडीचं लक्ष्य वाढत गेलं आणि खड्डे घ्यायला मोकळी जागा म्हणून माळरानं पुढे आली. माळढोक, लांडगा, धावीक यांचं ते घर आहे आणि धनगरांच्या मेंढ्यांची चराई आहे, हे त्या आकड्यांत बसत नव्हतं. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळाच पुरावा हाती घेतला: जुनं मराठी वाङ्मय. तेराव्या शतकापासूनचे चरित्रग्रंथ, आख्यानं, ओव्या यांतून येणारे वनस्पतींचे उल्लेख त्यांनी गोळा केले. त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती दाट जंगलातल्या नसून गवताळ, विरळ झाडांच्या मोकळ्या मुलखातल्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही हे माळ माळच होते. उपग्रहाची चित्रं इतकं मागे जाऊ शकत नाहीत, आणि परागकणांचे पुरावे सगळीकडे सापडत नाहीत. महानुभावांचे ग्रंथ वाचू शकणारा परिसरशास्त्रज्ञ हवा होता. असे विषय मराठी मुलांची वाट पाहत पडून आहेत. वाजिब-उल-अर्जातल्या नोंदी, पेशवे दफ्तरातले चराईचे आणि वनकराचे कागद, बागायतींच्या पाटपाण्याच्या पाळ्या, खानदेशातली फड पद्धत, भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांचे व्यवहार. मोडी वाचता येणारा आणि भूजलाचा नकाशाही समजणारा एखादा विद्यार्थी या कागदांतून जे काढेल, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

आणि तरी प्रबंध बहुधा इंग्रजीतच लिहिला जातो, ज्या गावाचा अभ्यास झाला त्याला तो वाचता येत नाही, आणि याचं कुणाला काही वाटत नाही. दुष्काळी भागात फिरताना गावकरी हेच बोलून दाखवतात: माहिती नेतात, पुढे काय झालं ते कळत नाही. माहितीचा असा एकतर्फी उपसा ज्या विषयात चालतो, त्या विषयाचं नाव संसाधन व्यवस्थापन असावं, ही मला या शाखेची सर्वांत मोठी लाज वाटते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने याला उत्तर शोधलं ते विद्यापीठाच्या किती तरी आधी. तिथे ‘अभ्यास गट’ आहेत. गावातले लोक आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, एक प्रश्न घेतात, माहिती जमवतात, चर्चा करतात. निर्णय मात्र गट घेत नाही, ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. पोळं न जाळता, माश्या न मारता मध कसा काढायचा, जंगलातून काय किती घ्यायचं, कायदा काय म्हणतो, असे विषय तिथे घोळले गेले. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासाला निर्णयाच्या दाराशी नेऊन बसवलं. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्क मिळाल्यानंतर जंगल राखायचं कसं, बांबू दरसाल किती तोडायचा, हे प्रश्न संपत नाहीत. उलट तेव्हाच अभ्यासाची खरी गरज सुरू होते. विदर्भात आज कितीतरी ग्रामसभांकडे असे हक्क आहेत आणि त्यांना व्यवस्थापन आराखडे हवे आहेत. पीएच.डी.साठी विषय मिळत नाही म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने गडचिरोलीची बस धरावी.

गावाच्या इतकं जवळ गेल्यावर संशोधकाची तटस्थता राहील का, अशी शंका काही प्राध्यापक घेतात. ती मी हलकी मानत नाही. पण तटस्थता पद्धतीत असते. विहिरीची पातळी टेपने मोजली तर ती गावाशी मैत्री असली तरी तेवढीच येते. दूर राहिल्याने माहिती शुद्ध होत नाही, तुटपुंजी होते. खरा धोका दुसरा आहे. गाव म्हणजे एक माणूस नाही. संशोधक सरपंचाच्या ओट्यावर उतरला की त्याला बागायतदारांचं गाव दिसतं. भूमिहीनांचं, दलितवस्तीचं, दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्यांचं गाव त्याच्या नमुन्यात येतच नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं ठरवलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. साळुंखे व्यवसायाने अभियंता आणि उद्योजक होते, या विषयातले डॉक्टर नव्हते. पण पाणी कुणाचं, या प्रश्नाला हात घालण्याचं धाडस त्यांच्यात होतं, आणि बहुतेक प्रबंध नेमका तिथेच कानाडोळा करतात. २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी घातली आहे, कायदा २०१४ पासून लागू आहे, आणि बोअरच्या गाड्या तीनशे-चारशे फुटांच्या खाली रोज उतरत आहेत. हिवरे बाजारमध्ये मात्र शेतीसाठी बोअर न घेण्याचा गावाचा स्वतःचा नियम पाळला गेला. कायदा मोडतो आणि गावाचा नियम टिकतो, हे का घडतं, कुठे घडत नाही, नियम करताना कुणाचं ऐकलं गेलं आणि कुणाचं नाही, हे शोधायला एखादी पीएच.डी. पूर्ण लागेल.

जी मुलं या वाटेने जाऊ पाहतात त्यांच्याशी सरळ बोलायचं तर, नोकरीची हमी नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या पडून आहेत आणि भरती कधी होईल सांगता येत नाही. फक्त नावापुढे ‘डॉ.’ लागावं म्हणून यायचं असेल तर इतर शाखा कमी कष्टाच्या आहेत. यायचंच असेल तर विषयाआधी जागा निवडा. जिथे तुम्हाला वारंवार जाता येईल, जिथली बोली तुम्हाला कळते, जिथे राहायला एखादी खोली मिळेल असं पाणलोट, असं जंगल, असा तलाव. पहिले सहा महिने प्रश्नावली छापू नका. विहिरी मोजा, बाजाराला जा, ग्रामसभेला मागे बसा, रोजगार हमीच्या कामावर दिवस घालवा. प्रश्न तिथून येईल, आणि तो तुमच्या विभागाच्या चौकटीत बसला नाही तर दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक मागा. नियमांत त्याला जागा आहे. गाइड निवडताना त्याचे किती शोधनिबंध आहेत यासोबत, त्याचे विद्यार्थी किती दिवस क्षेत्रावर राहिले, हेही विचारा.

आणि विद्यापीठांकडे एक मागणी. आयोगाच्या कुठल्याही नियमाने अडवलेलं नाही असं एक परिपत्रक कुलगुरूंनी काढावं. पाणी, माती, जंगल, कुरणं, मासेमारी यांवरच्या प्रत्येक प्रबंधासोबत वीस-पंचवीस पानांचा मराठी अहवाल असावा. आदिवासी भागात तो तिथल्या भाषेत वाचून दाखवावा. निष्कर्ष ग्रामसभेपुढे मांडले गेल्याचा आणि लोकांनी घेतलेल्या हरकतींचा ठराव मौखिकीच्या आधी परीक्षकांकडे जावा. मोजमापांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा व्हाव्यात, म्हणजे पुढचा विद्यार्थी त्याच विहिरीपासून पुढे मोजायला लागेल. याला नवा निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. चार कृषी विद्यापीठांपैकी एकाने तरी येत्या शैक्षणिक वर्षापासून याची सुरुवात करावी.